पाय नसलेली माणसं : चित्रात आपली शैली कशी शोधावी

माझ्या चित्रांतल्या माणसांना पाय नाहीत, हे मला १९९८ च्या मे महिन्यात बायकोनं सांगितलं. घराला रंग द्यायचा होता म्हणून पलंगाखालचे, माळ्यावरचे सगळे कागद बाहेरच्या खोलीत फरशीवर पसरले होते. पाचेक वर्षांच्या वह्या, सुटी पानं, शाळेतल्या जुन्या परिपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजू. ती चहा घेऊन आली, कागदांवर पाय पडू नये म्हणून उड्या टाकत पलीकडं गेली आणि म्हणाली, "अहो, ह्यातल्या एकाला पण पाय नाहीत की."

मी हसलो. मग वाकून बघितलं तर खरंच नव्हते. चारशेच्या वर माणसं असतील. बायाबापड्या, म्हातारे, कॉलेजची पोरं. सगळी कमरेच्या आसपास संपलेली. निम्म्याच्या वर पाठमोरी. मानेवरची घडी, टोपीच्या कडेतून बाहेर आलेले केस, डोक्यावरनं घसरलेला पदर, खिडकीच्या गजाला टेकलेलं कपाळ. आणि रेष सगळीकडं तुटलेली, दोन-दोन बोटांवर थांबून पुन्हा सुरू झालेली.

कारण साधं होतं. ही सगळी चित्रं एसटीत काढलेली. मी कोल्हापूरजवळच्या कळे गावाच्या पुढं एका शाळेत चित्रकला शिकवायचो. सकाळी रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याकडं जाणारी गाडी पकडायची, संध्याकाळी परत. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. पुढच्या सीटची पाठ मध्ये आली की समोरच्याचे पाय दिसायचा प्रश्नच नाही. रस्त्याला खड्डे, त्यामुळं लांब रेष ओढायची सोय नाही. गाडी सरळ चालली की पेन टेकवायचं, हादरा बसायच्या आत उचलायचं. बालिंग्याच्या पुलावर गाडी जरा हळू व्हायची, तेवढ्यात डोळा नाहीतर कान उरकून घ्यायचा.

गंमत म्हणजे त्याच काळात मी दर रविवारी टेबलावर जलरंग मांडून 'माझी शैली' शोधत बसलेलो असायचो. पंचगंगेचा घाट, पाण्यात पडलेली देवळांची पडछाया, डावीकडं एक होडी. कोल्हापुरात चित्रकला शिकलेल्या कुणाचीही फाइल उघडा, हा घाट त्यात असतोच. माझा घाट आणि वर्गमित्रांचे घाट शेजारी ठेवले असते तर कुठला कुणाचा हे मलाही सांगता आलं नसतं. आणि ज्या कागदांवरून कुणीही मला ओळखलं असतं ते पलंगाखाली कोंबलेले.

आता निवृत्त झालोय. मुलं घरी येतात, बरीचशी फोन पुढं करून चित्रं दाखवतात आणि विचारतात, "सर, माझी स्टाइल कशी सापडणार?" त्यांना जे सांगतो ते इथं लिहून काढतो. मी रेखाटनं करणारा माणूस आहे, कथांना चित्रं काढतो, तेव्हा उदाहरणं त्यातलीच येतील.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. शैली म्हणजे अडचणीला आपण दिलेलं उत्तर. आपल्याकडं जे नाही, जे जमत नाही, जे मिळत नाही, त्यातून वाट काढता काढता हाताला एक सवय लागते आणि पाहणारे तिला शैली म्हणतात. वारली चित्रं बघा. गेरूनं नाहीतर शेणामातीनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. एवढ्यात लग्नाचा चौक, झाडं, नाच, शेत सगळं बसवायचं. काडीनं छटा येत नाही, मग त्रिकोण, गोल आणि रेघ. हे चौक लिहायचं काम मुळात सवाशिणींचं. जिव्या सोमा म्हसे या पुरुषानं ते रोजचं काम म्हणून हातात घेतलं, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतलं मासेमारीचं जाळं बघा, नुसत्या बारीक पांढऱ्या रेघांनी अख्खा कागद भरलेला. भाषा सगळ्या पाड्याची तीच, तरी हात ओळखू येतो. 'परंपरेत राहिलो तर माझं वेगळं काय' असं विचारणाऱ्या पोरांना मी हे जाळं दाखवतो.

जुन्या मासिकांचंही तेच. छपाई खिळ्यांची होती तेव्हा चित्राचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. लाइन ब्लॉकमध्ये काळं किंवा पांढरं, मधलं करडं काही उमटायचं नाही. करडी छटा पाहिजे असेल तर ठिपक्यांच्या जाळीचा हाफटोन करायचा, तो महाग, आणि त्याला गुळगुळीत कागद लागायचा. साध्या खरबरीत कागदावर ठिपके बुजून सगळं चिखल. मग चित्रकारानं काय करावं? सावली आडव्या रेघांनी दाखवावी, नाहीतर सरळ काळा ठोकळा भरावा, नाहीतर एकाच रेषेची जाडी कमीजास्त करून गाल आणि गळा वेगळा काढावा. दीनानाथ दलालांपासून वसंत सरवट्यांपर्यंत ज्यांची रेष आपण डोळे मिटून ओळखतो, ते सगळे ह्या ब्लॉकच्या दारातून आत आले. सरवटे तर आमच्या कोल्हापुरात जन्मलेले, पेशानं स्थापत्य अभियंता, सिमेंट कंपनीत नोकरी. त्यांच्या चित्रात मला नेहमी प्लॅन काढणाऱ्या माणसाची काटकसर दिसते. हे माझं मत. दुसऱ्याला दुसरं काही दिसेल.

पसारा मांडा

म्हणून पहिलं काम माझ्या बायकोनं केलं तेच. गेल्या दोन वर्षांत जे जे काढलंय ते सगळं जमिनीवर मांडा. निवडून नाही. फाडायचे राहिलेले कागद, वहीच्या मागच्या पानावरच्या रेघोट्या, फोनवर बोलता बोलता वर्तमानपत्राच्या कडेला काढलेलं, सगळं. फक्त चांगली चित्रं मांडलीत तर तुम्हाला काय आवडतं एवढंच कळेल, आणि ते तुम्हाला आधीपासून माहीत आहे. हात आपोआप कुठं जातो हे रद्दीत सापडतं.

मग चित्रकार नसलेल्या माणसाला बोलवा. आई, शेजारच्या काकू, भाऊ. त्यांना 'कसं वाटतं' विचारू नका, 'छान आहे' ऐकून घरी जाल. विचारा : ह्या सगळ्यात काय काय सारखं सारखं येतंय? आणि काय कुठंच नाही? दुसरा प्रश्न जास्त कामाचा. माझ्याकडं पाय नव्हते. एका मुलीच्या शंभरेक चित्रांत आकाश नव्हतं. प्रत्येक चित्र वरच्या कडेला छतानं नाहीतर फांदीनं बंद केलेलं. तिला विचारलं तर म्हणाली, "सर, मी चाळीत राहते, खिडकीतून समोरची भिंतच दिसते." त्यानंतर तिनं वर्षभर फक्त भिंती काढल्या. पोपडे, ओल, वायरी, वाळत घातलेली अंतर्वस्त्रं. तिच्या घरच्यांना ते शेवटचं फार आवडलं नाही, पण तिच्या भिंती कुठंही टांगा, मी ओळखतो.

एक गोष्ट तुम्ही स्वतः बघायची : कुठं सगळ्यात जास्त खोडलंय. खोडरबरानं कागद जिथं खडबडीत झालाय तिथं बोट फिरवा. बहुतेकांचा हात आणि जबडा. त्या जागेपासून तुम्ही पळताय की तिच्याशी भांडताय हे कागदावर स्पष्ट दिसतं. पळत असाल तर नोंद करून ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

हे सगळं एका कागदावर लिहा. दहा ओळी पुरे. माझ्या कागदावर होतं : पाय नाहीत. पाठमोरे. रेष तुटते. टोप्या चांगल्या. चेहरे एकाच माणसाचे. ह्यातलं शेवटचं वाचून वाईट वाटलं होतं.

नक्कल करा, पण शेवटपर्यंत करा

नक्कल केली की आपली शैली मरते असं पोरांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. मी शाळेत उलटं बघितलं. नक्कल न करणारी मुलंही नक्कलच करतात, फक्त कुणाची ते त्यांना माहीत नसतं. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या स्मरणचित्राचे पेपर कधी एका ढिगात बघा. विषय 'आठवडी बाजार'. प्रत्येक पेपरात डावीकडं छत्रीखाली बसलेली भाजीवाली, मध्ये पाठमोरी पिशवीवाली बाई, उजवीकडं फुगेवाला. त्या पोरांच्या गावच्या बाजारात फुगेवाला कधी आलेलाही नसतो! तो सरांच्या फळ्यावरून आला, सरांनी तो त्यांच्या सरांकडून घेतला. मीही कित्येक वर्षं हाच फुगेवाला फळ्यावर काढलाय, तेव्हा हा दोष माझ्याही खात्यावर जमा आहे.

ह्यावर उतारा एकच, कुणाची नक्कल करतोय ते ठरवून करायची. एक चित्रकार घ्या, एक महिना घ्या. मी दलाल घेतले होते. रद्दीच्या दुकानातून जुने दिवाळी अंक किलोवर आणले आणि रोज रात्री एक चित्र, छापलेलं आहे त्याच मापाचं. मापाचं महत्त्व आहे. छोटं चित्र मोठं करून काढलं की मनगटाऐवजी कोपर हलतं आणि सगळी गोष्ट बदलते. साधनही शक्य तितकं तेच घ्या. बॉलपेननं ब्रशच्या रेषेची नक्कल करू नका, त्यातून काही कळत नाही.

पहिले आठ-दहा दिवस नुसती लाज वाटते. एका कथेच्या चित्रात दाराशी उभी बाई होती. कपाळापासून निघालेली रेष नाक, ओठ, हनुवटी घेऊन एका दमात गळ्यापर्यंत उतरलेली. मी ती तीस वेळा तरी काढली असेल. प्रत्येक वेळी माझी रेष ओठापाशी थांबायची. श्वास तिथंच संपायचा जणू. मग एकदा पेन उचलून, नवा श्वास घेऊन हनुवटीपासून पुन्हा सुरू केली. बाई दलालांची राहिली नाही, थोडी दमलेली, थोडी वयस्कर झाली. पण खरी वाटली. आमच्या शाळेच्या रस्त्याला दुधाची किटली घेऊन गाडीत चढणारी एक मावशी होती, तशी.

तेव्हा नक्कल करताना दोन रकाने आखा. एकात लिहा : ह्या चित्रकारासमोर अडचण काय होती? छपाई, कागद, वेळ, पैसे, संपादकाला काय पाहिजे होतं. दुसऱ्यात : माझा हात कुठं वेगळा गेला? महिना संपला की मूळ चित्रं कपाटात टाका आणि तो दुसरा रकाना जवळ ठेवा. लगेच दुसरा चित्रकार घेऊ नका. दोन महिने मध्ये जाऊ देत.

बघायला मात्र भरपूर बघा, आणि शक्य असेल तर मूळ चित्र. फोनवर सगळी चित्रं एकाच मापाची आणि एकाच चकाकीची दिसतात. कोल्हापुरात असाल तर टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं बघा, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे संग्रहालय बघा. मांडरे लोकांना सिनेमातले म्हणून माहीत आहेत, पण त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं समोर उभं राहून बघायची चीज आहे. कोरडी पूड चोळून काढलेलं ते मऊ धुकं ब्रशनं आणायला गेलात तर वेगळंच काहीतरी होईल. साधन बदललं की हवा बदलते, हे तिथं कळतं. तुमच्या गावात संग्रहालय नसेल तर देवळातली भित्तिचित्रं, बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरची अक्षरं, ट्रकच्या मागचं चित्र. कुणाचा तरी हात दिसतोय अशी कुठलीही वस्तू चालेल.

एक पेन, एक जागा, शंभर पानं

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शंभर पानी वही घ्या, साधी, शाळेची. रेघा असल्या तरी चालतील. कोरीच पाहिजे म्हणून दुकानं शोधत फिरणारा मुलगा मी ओळखतो, त्याची वही अजून सुरू व्हायची आहे. एक निळं बॉलपेन. एक जागा, जिथं तुम्हाला रोज तसंही जावं लागतं. मुद्दाम जायची जागा निवडली की पंधरा दिवसांत सुटते. दवाखान्यात कामाला असाल तर तिथला बाक, गिरणीत दळण घेऊन जात असाल तर गिरणी, लोकलनं जात असाल तर तुमचा डबा. आणि एकच विषय. 'माणसं' हा विषय नाही, फार मोठा आहे. 'वाट बघणारी माणसं' हा विषय होऊ शकतो. 'डबे' होऊ शकतो.

रोज दोन पानं. खोडरबर न्यायचं नाही. पान फाडायचं नाही. बिघडलं की त्याच्या शेजारी पुन्हा.

होतं काय ते सांगतो. पहिली वीस पानं तुम्ही शिकलेलं सगळं ओतता, प्रमाण, छायाप्रकाश, पर्स्पेक्टिव्ह. विसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंत वैताग येतो, कारण तेच तेच दिसतं. ह्या टप्प्यावर दहातली सात मुलं विषय बदलतात आणि मला येऊन सांगतात की नवीन विषय जास्त चांगला आहे. चाळिशी ओलांडली की आळस कामाला लागतो. हात लांबचा रस्ता सोडून देतो. मला रोज टोपी काढायची होती, पन्नास दिवसांत ती सात रेघांवरून तीन रेघांवर आली. तीन रेघा आणि तरी टोपी, शिवाय कुणाच्या डोक्यावर घट्ट बसलीय आणि कुणाच्या डोक्यावर नुसती ठेवलीय हेही दिसायचं. ह्या तीन रेघा मला कुणी शिकवल्या नाहीत. दुसरा कुणी चाळीस पानं टोप्या काढून गेला तर त्याच्या तीन रेघा वेगळ्या राहतील.

वेळेची मर्यादा पाहिजेच. मला ती कंडक्टरनं घालून दिली होती. समोरचा माणूस कुठल्या थांब्याला उतरेल ह्याचा भरवसा नसायचा. घरी बसून काढणार असाल तर चहाला उकळी येईपर्यंत एक चित्र, असा काहीतरी हिशोब लावा. मोबाइलचा टायमर मला आवडत नाही. तो वाजतो तेव्हा माणूस दचकतो आणि शेवटची रेघ वाया जाते.

रंगाबद्दल दोनच वाक्यं बोलतो, माझा प्रांत नाही. तीन ट्यूब घ्या, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, आणि सहा महिने चौथी उघडू नका; हिरवा कसा करायचा ह्याचं तुमचं उत्तर आपोआप तयार होईल.

हत्यार बदलून बघा

वही भरली की तोच विषय दुसऱ्या साधनानं काढायचा. कशासाठी, तर कुठली सवय पेनची होती आणि कुठली तुमची, हे वेगळं काढायला. मी बोरू करून घेतला, तुम्हीही करा, पैसे लागत नाहीत. बोटाएवढ्या जाडीची सुकी देवनळाची नाहीतर बारीक बांबूची कांडी घ्यायची, पेन्सिलीच्या लांबीची. धारदार चाकूनं एका बाजूनं लांब तिरका काप घ्यायचा, चमच्यासारखा. आतला मऊ भुसभुशीत भाग खरवडून टाकायचा. मग टोकाच्या दोन्ही बाजू निमुळत्या करायच्या. टोकापासून मागं नखभर एक चीर पाडायची, शाई त्यातून उतरते. शेवटी कांडी लाकडी पाटावर आडवी धरून टोक एका घावात तोडायचं. दोन घाव घातले की कड चिंध्या होते. पहिले तीन-चार फुकट जातात. माझे गेले.

बोरूत शाई साठत नाही. एकदा बुडवला की पहिली बोटभर रेष काळी भरगच्च, मग खरखरीत, मग नुसती ओरखड्यासारखी. म्हणजे बसचा हादरा नसताना माझी रेष पुन्हा तुटायला लागली, पण कारण दुसरं. आणि गंमत अशी की ती तुटायची त्याच जागी : ओठ, कोपर, टोपीची मागची कड. तेव्हा मला खात्री पटली की ह्यात काहीतरी माझं आहे, सगळं श्रेय महामंडळाचं नाही.

कौतुक झालं की सावध

आता माझी फजिती. एका दिवाळी अंकात माझी एसटीतली रेखाटनं छापून आली आणि लोकांना ती तुटकी रेष आवडली. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, आठ कथा आहेत, 'तुमच्या त्या तुटक रेषेत' करा. पैसे बरे होते. मी घरी टेबलावर बसलो, दिवा लावला आणि आठही चित्रं तुटक रेषेत केली. टेबल हलत नव्हतं. मी प्रत्येक दोन बोटांवर मुद्दाम पेन उचलत होतो.

अंक आला. आमच्या गाडीवरचे एक कंडक्टर होते, मला रोज बघायचे, खिडकीची जागा धरून ठेवायचे. त्यांना कौतुकानं अंक दाखवला. त्यांनी तिकिटांची पेटी काखेत सरकवली, पानं उलटली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सर, ही गाडी थांबल्यावर काढलीय होय?"

चित्रकलेवरचा इतका नेमका अभिप्राय मला नंतर कुणी दिला नाही.

अडचण गेली आणि सवय उरली की शैलीची लकब होते. तिचा सुगावा आपल्याला उशिरा लागतो, कारण लोक तोवर तिचंच कौतुक करत असतात. म्हणून एक चाचणी सांगतो. तुमच्या चित्रात लोकांना जे सगळ्यात जास्त आवडतं ते काढून टाका आणि तेच चित्र पुन्हा करा. मोठे डोळे आवडतात? डोळे मिटलेले काढा. वॉश आवडतात? पेन्सिलीनं करा. माझ्या बाबतीत, अखंड रेष. चित्र उभं राहिलं तर ती लकब दागिना होती, हवी तेव्हा घाला. चित्र कोसळलं तर ती कुबडी होती. मी ती आठ चित्रं अखंड रेषेत पुन्हा काढून बघितली. पाच कोसळली. तीन आधीपेक्षा चांगली निघाली, ती कुणी छापली नाहीत आणि आता छापायची वेळही गेली.

आजच्या मुलांना हे जास्त जड जाणार, कारण त्यांचं कौतुक रोज मोजून मिळतं. एका प्रकारच्या चित्राला जास्त बदाम पडले की दुसऱ्या दिवशी तसंच चित्र. अठराव्या वर्षी 'ही माझी स्टाइल' म्हणून पाटी लावून बसलेली पोरं बघितली की मला चित्रकार सैयद हैदर रझा आठवतात. नागपूर, मुंबई, १९५० मध्ये पॅरिस, आणि ज्या बिंदूवरून जग त्यांना ओळखतं तो त्यांच्या कॅनव्हासवर ठाण मांडून बसला साधारण १९८० च्या सुमाराला. जन्म १९२२ चा. वजाबाकी तुमची तुम्ही करा. तोवर ते निसर्गचित्रं करत होते, आणि चांगली करत होते, ती काही तयारीची चित्रं नव्हेत.

म्हणून माझा सल्ला : शंभर पानांची वही भरेपर्यंत त्यातलं काही कुणाला दाखवू नका. भरल्यावर फरशीवर मांडा आणि पुन्हा त्या काकूंना बोलवा.

आणि मघाशी नोंद करून ठेवायला सांगितलेली पळवाट. सगळं झाल्यावर पुढची वही तिची. मला पाय टाळायची वीस वर्षांची मुभा होती. सीटची पाठ मध्ये होती. निवृत्त झालो, एसटी सुटली, तसं निमित्तही सुटलं. आता सकाळी साडेसातला महाद्वाराजवळ चप्पल ठेवायच्या जागेसमोर बसतो. अंबाबाईला आलेली माणसं तिथं चपला काढतात. काढताना माणूस एका पायावर असतो, एक हात बायकोच्या नाहीतर पोराच्या खांद्यावर, आणि हे सगळं तीन-चार सेकंदांत संपतं. उचललेल्या पायाकडं बघायला गेलं तर तो हातचा जातो. म्हणून मी टेकलेला पाय काढतो, ज्याच्यावर सगळा भार आहे तो. बोटं जमिनीला कशी धरतात ते आता थोडं कळायला लागलंय. सध्या वही एकसष्टाव्या पानावर आहे. टाचा अजून जमत नाहीत.